भाषा शिकत पायी फिरायचं, तर कुठे? ल पुई, सालामांका, फ्रायबुर्ग आणि शिकोकू

पुण्या-मुंबईत परदेशी भाषेचे वर्ग करणाऱ्या बहुतेकांची गाडी एका ठरावीक टप्प्यावर अडते. ए-टू ही सुरुवातीची दुसरी पातळी झालेली असते, परीक्षेत गुणही बरे पडलेले असतात, पण समोर खराखुरा फ्रेंच किंवा जर्मन माणूस बोलायला लागला की पहिलं वाक्य कळतं आणि पुढची तीन निसटतात. मग महिनाभराची रजा काढून त्या देशात जाऊन राहावं असं वाटू लागतं. शनिवार-रविवारी सह्याद्रीत भटकण्याची सवय असलेल्या माणसाला मात्र परक्या शहरात महिनाभर फक्त वर्ग आणि खोली एवढंच करणं जड जातं. सुट्टीचा अर्धा भाग वर्गात आणि अर्धा पायवाटेवर घालवला, तर दोन्ही हौशी भागतात आणि त्यांचा एकमेकींना फायदाही होतो. वाट मात्र नीट निवडावी लागते.

वाट निवडताना लोक डोंगर बघतात, फोटो बघतात, किलोमीटर मोजतात. माझा आग्रह असा, की आधी संध्याकाळचं जेवणाचं टेबल बघा. दिवसाचे सहा तास तुम्ही चालणार. त्यात चढावर दम लागतो, उतारावर लक्ष पायाखाली असतं, त्यामुळे बोलणं तुटक होतं. खरं बोलणं सुरू होतं ते मुक्कामावर पोचल्यावर. मोजे धुवून वाळत घालताना, अंघोळीसाठी रांगेत थांबताना आणि मग दीड-दोन तास चालणाऱ्या जेवणात. त्या टेबलावर कोण बसलेलं आहे आणि ते कुठल्या भाषेत बोलतंय, यावर तुमची भाषा सुधारणार की नाही हे ठरतं. आता फ्रान्स, स्पेन, जर्मनी आणि जपान हे चारही पर्याय याच कसोटीवर लावून बघतो.

वर्ग आधी आणि चालणं नंतर, हा क्रम कुठेही गेलात तरी पाळावा. सकाळी वर्ग आणि दुपारी जवळच्या टेकडीवर फेरफटका, अशाही सहली मिळतात. अगदी नवशिक्याला त्या ठीक आहेत, कारण त्याला अजून वाक्यं जुळवायला मदत लागते. ए-टू झालेल्याने मात्र दोन आठवडे रीतसर वर्ग करावा आणि मग शिक्षक सोडून द्यावा. वाट नव्याने काही शिकवत नाही. जे माहीत आहे ते जिभेवर आणून देते, म्हणून आधी काहीतरी माहीत असावं लागतं.

फ्रान्स: विशीचे वर्ग आणि ल पुईची वाट

चारांतला माझा पहिला कौल फ्रान्सला, आणि त्यावर सविस्तर बोलायलाच हवं.

विशी हे आल्ये नदीकाठचं, औषधी झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथे १९६४ पासून काविलाम ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. ती आलियाँस फ्रान्सेजच्या जाळ्यातलीच असल्यामुळे पुण्या-मुंबईत आलियाँसमध्ये शिकलेल्यांना तिथली पद्धत ओळखीची वाटेल. गाव लहान असल्याने पॅरिसचा खर्च नाही, आणि दुकानदार तुमचं तुटकं फ्रेंच ऐकून लगेच इंग्रजीवर येत नाही. इथे दोन आठवडे वर्ग करायचे आणि मग क्लेरमों-फेराँमार्गे रेल्वेने ल पुई-आँ-व्हले गाठायचं.

ल पुईचा बिशप गोदेस्काल्क दहाव्या शतकाच्या मध्यात इथून स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला गेला होता. आजही कॅथेड्रलमध्ये सकाळी सात वाजता प्रार्थना होते, यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो आणि पायऱ्या उतरून चालणं सुरू होतं. या वाटेचं नाव जीआर ६५. दगडांवर, झाडांवर आणि खांबांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, त्यामुळे चुकण्याची भीती फारशी नाही. पूर्ण वाट पिरेनीजच्या पायथ्यापर्यंत साधारण साडेसातशे किलोमीटर जाते. आपल्याला त्यातले पहिले दोनशे किलोमीटर पुरेत, म्हणजे कोंक या गावापर्यंतचे. रोज वीस किलोमीटर धरले तर दहा दिवसांत होतात. मधलं ओब्राकचं पठार हजार मीटरच्या वर आहे. उघडं माळरान, ग्रॅनाइटचे दगड आणि डोळ्यांभोवती काजळासारखी काळी कड असलेल्या बदामी गाई. त्यातला नास्बिनाल ते सें-शेली-दोब्राक हा टप्पा जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आता टेबलाकडे येतो. या वाटेवर मुक्काम ‘जीत’मध्ये, म्हणजे चालणाऱ्यांसाठीच्या साध्या निवासात असतो. एकेका खोलीत चार-सहा पलंग आणि जेवणासह मुक्कामाचा दर, सध्या साधारण ४५ ते ६० युरो. संध्याकाळी सात-साडेसातला सगळ्यांना एकाच लांब टेबलावर बसवतात. मधोमध सूपचं भांडं येतं, ते हातोहात फिरतं. भांडं पुढे सरकवताना शेजाऱ्याशी बोलावंच लागतं. मग घरमालकीण विचारते, आज कुठून आलात, उद्या कुठे, आणि तुम्ही मूळचे कुठले. चालणाऱ्यांत फ्रेंच माणसंच जास्त. मे, जून आणि सप्टेंबरमध्ये त्यांतले बरेचसे निवृत्त झालेले असतात, म्हणजे त्यांना घाई नसते आणि परक्या माणसाबद्दल कुतूहल असतं. भारतातून आलेला पाहुणा या टेबलावर रोज दिसत नाही, त्यामुळे प्रश्न तुमच्याकडे येतातच.

याहून मोठा फायदा असा की तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. मुक्कामाची गावं ठरलेली असल्याने आज शेजारी बसलेला माणूस परवा पुन्हा समोर बसतो. काल तुम्ही गुडघ्याचं सांगितलं असेल, तर आज तो गुडघ्याची चौकशी करतो. काल भूतकाळात अडखळलेलं वाक्य आज दुसऱ्यांदा सांगायची संधी मिळते. वर्गात ज्याला उजळणी म्हणतात, ती इथे आपोआप होते, आणि तीही अशा माणसासमोर ज्याला उत्तर खरोखर ऐकायचं असतं. वाटेवर लोक चटकन अरे-तुरेवर येतात, हेही लक्षात ठेवा. आलियाँसच्या वर्गात घोटून घेतलेलं आदरार्थी रूप तुम्ही धरून बसलात, तर तेच तुम्हाला थांबवतील.

कोंकला पोचल्यावर मठात मुक्काम मिळू शकतो. रात्रीच्या प्रार्थनेनंतर तिथला एक बंधू चर्चच्या दारावरचं अंतिम न्यायाचं शिल्प फ्रेंचमध्ये समजावून सांगतो. स्वर्गात कोण, नरकात कोण, कुठल्या पाप्याला कसली शिक्षा, असं बोट दाखवत दाखवत तो सांगत जातो. दहा दिवसांपूर्वी जे कानावरून गेलं असतं, त्यातलं किती आता कळतंय हे तपासायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शाकाहारी माणसाची पंचाईत होईल का? थोडी होते. पण ओब्राक भागात अलिगो मिळतं, म्हणजे उकडलेल्या बटाट्यात ताजं चीज, लोणी आणि लसूण घालून लांबच लांब तार येईपर्यंत घोटलेला पदार्थ. पोटभरीचा आहे. मात्र जीतला आदल्या दिवशी फोन करून शाकाहारी असल्याचं सांगायला हवं. तो फोन फ्रेंचमध्ये करायचा. फोनवर चेहरा दिसत नाही, हातवारे चालत नाहीत, त्यामुळे पहिला फोन करताना घाम फुटतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तोच फोन चालता चालता होतो.

स्पेन: गाजलेली वाट आणि एकाकी वाट

पायी यात्रा म्हटलं की आधी नाव येतं ते स्पेनमधल्या कामिनोचं, त्यातही कामिनो फ्रान्सेसचं. फ्रान्सच्या सीमेवरून सांतियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर, जागोजागी पिवळे बाण, गावोगावी स्वस्त आल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा. सुंदर वाट आहे आणि व्यवस्था उत्तम आहे. पण स्पॅनिश शिकण्यासाठी ती मी सुचवणार नाही. २०२४ मध्ये सगळ्या वाटा मिळून जवळजवळ पाच लाख लोकांनी सांतियागोला पोचून यात्रेचं प्रमाणपत्र घेतलं. जगभरातून माणसं येतात, आणि कोरियन, ब्राझिलियन, जर्मन, अमेरिकन असे एका टेबलावर बसले की सगळ्यांना जमणारी भाषा इंग्रजीच ठरते. तुम्ही इंग्रजी बोलणारे असल्यामुळे त्यात सहज ओढले जाता. महिनाभर चालून ‘बुएन कामिनो’ आणि जेवणाची यादी एवढंच स्पॅनिश घेऊन परत येणं इथे अगदी शक्य आहे.

स्पॅनिशच मनात असेल तर सालामांकाला जा. १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, गावभर भाषेच्या शाळा, आणि स्थानिक कुटुंबात राहण्याची जुनी सोय. घरात दुपारचं जेवण अडीच-तीनला होतं आणि ते लांबतं. स्पेनमधलं खरं टेबल हेच. शिवाय सेव्हियाहून उत्तरेला जाणारी यात्रेची वाट, व्हिया दे ला प्लाता, सालामांकातूनच जाते. म्हणजे वर्ग संपला की पाठीवर पिशवी अडकवून दारातूनच चालू लागता येतं. पुढचं मोठं गाव सामोरा तीन दिवसांवर आहे. या वाटेवर परदेशी गर्दी बरीच कमी, पण एकूण माणसंच कमी. रात्री आल्बेर्गेत चार जण असतील, त्यात दोन जर्मन. बोलणं होतं ते गावातल्या बारमध्ये, पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांशी, तेही तुम्ही स्वतःहून खुर्ची ओढून बसलात तर. संकोची माणसाला हे अवघड जाईल. उन्हाळ्यात हा भाग भाजून निघतो आणि काही टप्प्यांवर वाटेत पाणीही नाही, म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरच बघा.

मराठी माणसाला स्पॅनिश इतर तिघींपेक्षा लवकर येते, हे मात्र मान्य करायला हवं. लिहिलं तसं वाचायचं, आणि ‘मला हे आवडतं’, ‘माझा पाय दुखतो’ ही वाक्यं आपल्याच घाटाने बांधायची. रजा तीनच आठवड्यांची असेल आणि भाषा अगदी कोरी असेल, तर सालामांकातले दोन आठवडे आणि सामोरापर्यंतची वाट हा चारांतला सर्वांत सोपा बेत आहे. सॅलडवर ट्यूना घालून आणतात, ते नको म्हणून आधीच सांगायला शिका.

जर्मनी: एकाच गावात मुक्काम

रोज नव्या गावी पाठीवर सामान घेऊन जाणं सगळ्यांना झेपत नाही, आवडतही नाही. कुणाची पाठ दुखरी असते, कुणाबरोबर शाळकरी मूल असतं, कुणाला बी-वनची, म्हणजे ए-टूच्या पुढच्या पातळीची, परीक्षा द्यायची असल्याने रोज संध्याकाळी अभ्यासाला टेबल लागतं. अशांसाठी फ्रायबुर्ग.

फ्रायबुर्गला गोएथे-इन्स्टिट्यूटचं केंद्र आहे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात ए-टू केलं असेल तर तिथून पुढची पातळी धरता येते. गाव ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी, आणि रेल्वे अर्ध्या-पाऊण तासात हिंटरत्सार्टन, टिटिसेपर्यंत नेते. सर्वांत उंच शिखर फेल्डबेर्ग, १,४९३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे दीडशे मीटरने कमी. सह्याद्रीत चढलेल्याला इथे दमायला होणार नाही.

इथलं टेबल चक्क वाटेवरच मांडलेलं असतं. श्वार्त्सवाल्डफेराइन ही १८६४ साली फ्रायबुर्गमध्येच स्थापन झालेली पदभ्रमण संस्था आहे. तिच्या गावोगावच्या शाखा वर्षभर सहली काढतात आणि त्यांत पाहुण्यांनाही येता येतं. जंगलातले रस्ते लाकडाची वाहतूक करण्यासाठी रुंद केलेले असतात, त्यामुळे दोघं-तिघं शेजारी शेजारी चालत बोलू शकतात. ओब्राकच्या अरुंद वाटेवर एकामागे एक जावं लागतं तसं इथे नाही. शेजारी बहुधा साठी ओलांडलेला कुणीतरी असतो, आणि तो झाडांची नावं, गावाचा इतिहास, कारखान्यातली जुनी नोकरी असं सगळं सांगत राहतो. अडचण बोलीची. म्हातारी माणसं आपसात आलेमानिश बोलतात आणि त्यातलं पुस्तकी जर्मन शिकलेल्याला काही कळत नाही. तुमच्याशी बोलताना मात्र बहुतेक जण प्रमाण जर्मनवर येतात. सांगून बघा, राग येत नाही.

उणीव अशी की रोज संध्याकाळी तुम्ही खोलीवर परत येता, आणि तिथे वर्गातले इतर परदेशी विद्यार्थी असतात. त्यांच्याशी पुन्हा इंग्रजी सुरू. तीच माणसं रोज भेटण्याचा जो फायदा फ्रान्समध्ये आहे, तो इथे आठवड्यातून एकदाच मिळतो. सलग चालायचंच असेल तर फोर्त्सहाइम ते बाझेल हा १९०० साली आखलेला वेस्टवेग आहे, सुमारे २८५ किलोमीटर, पत्त्यांतल्या चौकटीसारख्या लाल खुणेचा. त्यातला तीन-चार दिवसांचा तुकडा वर्ग संपल्यावर करता येईल.

जपान: तयारीच्या माणसासाठी

पुण्यात जपानी शिकणारे भरपूर आहेत, त्यामुळे शिकोकू या जपानी बेटाचा उल्लेख टाळून चालणार नाही. बौद्ध भिक्षू कूकाई म्हणजे कोबो दाइशी (७७४ ते ८३५) यांच्याशी जोडलेल्या ८८ मंदिरांची ही प्रदक्षिणा सुमारे १,२०० किलोमीटरची आहे. पूर्ण चालायला दीड महिना लागतो. पण स्वतः जपानी लोकही ती तुकड्यातुकड्याने करतात, त्यात कमीपणा नाही. तोकुशिमा प्रांतातली पहिली २३ मंदिरं साधारण आठवड्याभरात होतात. त्यात बाराव्या मंदिराची, शोसान्जीची, चढण चांगलीच कस काढते.

या वाटेवर बोलण्याची सुरुवात तुम्हाला करावी लागत नाही. यात्रेकरूला काहीतरी देण्याची प्रथा आहे, तिला ओसेत्ताई म्हणतात. कुणी आजी घरातून बाहेर येऊन हातावर दोन संत्री ठेवते आणि कुठून आलात म्हणून विचारते. भारतातून म्हटलं की बुद्धाच्या देशातून आलात म्हणून संभाषण पुढे सरकतं. कूकाईने चीनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले होते, आणि मंदिरात म्हटल्या जाणाऱ्या हृदयसूत्राच्या शेवटी ‘गते गते पारगते’ जपानी उच्चारात ऐकू येतं. आळंदी-पंढरपूरची वारी केलेल्या माणसाला इथल्या लोकांना सांगण्यासारखंही पुष्कळ आहे. ते कसं सांगायचं हे वर्गात असतानाच शिक्षकाकडून वाक्यावाक्याने बसवून घ्यावं.

वाक्यरचनाही आपल्याला अनुकूल आहे. क्रियापद शेवटी, नामाला मागून प्रत्यय. बोलायला मराठी माणूस लवकर लागतो, अडतो तो वाचताना. जपानीच्या परीक्षेतली एन-फोर ही पातळी झाल्याशिवाय हा बेत करू नये असं मी म्हणेन, कारण गावातल्या मिन्शुकुंची, म्हणजे घरगुती लॉजची, नोंदणी बऱ्याचदा फोनवर आणि जपानीतच होते, आणि मालक वयस्कर असतात. शाकाहार हा इथला सर्वांत कठीण विषय आहे. डाळ-भाजी दिसायला शाकाहारी असली तरी रश्शात माशांचा अर्क असतो. मासे न खाणाऱ्याने मंदिरातल्या मुक्कामाची चौकशी करावी आणि बरोबर कोरडा शिधा ठेवावा. जेवण सहाला असतं आणि बरेचदा शांतपणे उरकतं. त्यामुळे टेबलाच्या कसोटीवर शिकोकू फ्रान्सच्या मागे राहतं, रस्त्यावरच्या बोलण्यात मात्र पुढे जातं. कुमानो कोदो या जपानमधल्याच दुसऱ्या यात्रेची वाट दिसायला याहून देखणी असेल, पण तिथे परदेशी पाहुण्यांसाठी सगळं इंग्रजीत इतकं छान मांडलेलं आहे की जपानी बोलायची वेळच येत नाही.

कॅलेंडर, पाय आणि सोबत

रजा मे महिन्यातली असेल तर फ्रान्स किंवा स्पेन. ओब्राकवर एप्रिलमध्ये बर्फ पडू शकतो, आणि मे महिन्यात फ्रेंच लोकांच्या जोडसुट्ट्या येतात तेव्हा जीत भरून जातात, म्हणून दोन महिने आधी नोंदणी करावी. दिवाळीची रजा शिकोकूला नेमकी जुळते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी आणि थंड असते. फ्रायबुर्गला मे ते ऑक्टोबर केव्हाही.

ट्रेकिंगची सवय आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रविवारी राजगड चढून येणं आणि दहा दिवस सलग वीस किलोमीटर चालणं, यांत पायांना फार फरक पडतो. वारीत सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं. ल पुईच्या वाटेवरही थोडे पैसे देऊन पिशवी पुढच्या मुक्कामी पाठवता येते, आणि ती सोय घ्यायला संकोच करू नये. संध्याकाळी थकून झोपलात तर टेबलाचा काय उपयोग?

सोबतीचा विचार तर नीटच करा. दोन मराठी माणसं एकत्र गेली की दिवसभर मराठीत बोलणार, त्याला इलाज नाही. नवरा-बायको जात असतील तर सकाळी अर्ध्या तासाच्या अंतराने निघावं आणि जेवायला टेबलाच्या दोन टोकांना बसावं. इथल्या सहल कंपनीच्या गटातून जायचा बेत असेल, तर फिरणं होईल, भाषा होणार नाही.

युरोपातल्या तिन्ही देशांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि नव्वद दिवसांच्या आतला भाषावर्ग त्यात बसतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो आणि विमा किमान ३० हजार युरोंचा. राहण्याच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा मागतात, आणि इथे एक फरक कामाचा आहे. जीत आणि गोएथेची खोली आधी नोंदवून लेखी पत्र मिळतं. स्पेनमधली नगरपालिकांची आल्बेर्गे मात्र सहसा आगाऊ नोंदणी घेतच नाहीत, जो आधी पोचेल त्याला पलंग. म्हणून स्पेनचा बेत असेल तर सामोरापर्यंतच्या रात्री खाजगी लॉजमध्ये नोंदवा आणि तीच पत्रं अर्जाला जोडा.